रात्री दोन वाजता हुकूम कोणाचा? रत्नागिरी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रत्नागिरी,
आणि पाटबंधारे, महानिर्मिती, महावितरण, कोकण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, मेरिटाइम बोर्ड, एसटी महामंडळ व चिपळूण नगरपरिषद यांचे जबाबदार अधिकारी

सविनय नमस्कार.

मे महिना लागला की मान्सूनपूर्व आढावा बैठकीची बातमी येते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि खाली ठरलेलं वाक्य: 'सर्व यंत्रणांनी सतर्क राहावे.' गेली कित्येक वर्षं मी ही बातमी वाचतो आहे आणि दर वर्षी एकाच ठिकाणी अडतो. सतर्क राहायचं म्हणजे कोणी, किती वाजता, काय करायचं? चिपळूणमधून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीचं पाणी रात्री चढत असताना एसटीच्या गाड्या उंचावर न्या, असं आगाराला कोण सांगणार? बाजारपेठेचा भोंगा कोण वाजवणार, आणि तो वाजवायला त्याला वर कुणाला विचारावं लागणार? रात्री दोन वाजता वरचे साहेब झोपलेले असतात, फोन लागत नाही, आणि पाणी कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

हे पत्र एवढ्या एकाच मागणीसाठी आहे. नदीची कोणती पातळी आली की कोणत्या खात्याने काय करायचं, हे पाऊस पडायच्या आधी ठरवा, लिहून काढा, सह्या करा आणि गावात लावा. मग रात्री कुणालाच परवानगी मागावी लागणार नाही.

असं कुठे होतं का, असं विचाराल तर आपल्याच जिल्ह्यात होतं. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी करते. पावसाने समोरचं दिसेनासं झालं की लोको पायलटने वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा, असा तिथे नियम आहे. त्याला त्या क्षणी बेलापूरला फोन करून 'साहेब, कमी करू का?' असं विचारावं लागत नाही. रेल्वेने चिपळूण आणि कामथे यांच्यामधल्या वाशिष्ठीच्या पुलावर पूर-इशारा यंत्रणाही बसवली आहे, काळ आणि सावित्री नद्यांच्या पुलांवरही बसवली आहे. पाणी ठरावीक पातळीला गेलं की गाड्या थांबतात. आता माझा साधा प्रश्न: वाशिष्ठीच्या त्या पुलावर जो आकडा रेल्वेला दिसतो, तो त्याच मिनिटाला चिपळूण नगरपरिषदेच्या नियंत्रण कक्षात दिसतो का? दिसत असेल तर तसं जाहीर करा, आम्हाला आनंद आहे. दिसत नसेल तर तो दिसायला किती खर्च येतो, तेही सांगा.

सन 2021 च्या जुलैची 22 तारीख तुमच्या फाइलीत असेलच. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा होती, म्हणजे खाडीला उधाण. वर घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलेला पाऊस, खाली दाभोळच्या खाडीतून चढत येणारी भरती, आणि मधे आम्ही चिपळूणकर. बाजारपेठेत तळमजले बुडाले, एसटी स्टँडात गाड्या बुडाल्या, आगाराची रोकड वाचवण्यासाठी आगारप्रमुख बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले. वाशिष्ठीवरचा महामार्गाचा जुना पूल खचला. वीज गेली, मग मोबाइल गेले, मग कुणाला काही विचारायची सोयच उरली नाही. त्या पहाटे फोन चालू होते तोवर मी एका कार्यालयात पातळी विचारली. 'आमच्याकडे आकडा नसतो, दुसरीकडे विचारा' असं उत्तर आलं. दुसरीकडे 'वरून अजून काही आलेलं नाही.' वरून म्हणजे कुठून, हे विचारायच्या आत लाइन गेली. त्या दोन माणसांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात कागदच नव्हता.

आमचं पाणी नेमकं किती हातांतून जातं, ते एकदा सरळ मांडतो, कारण गावातही याबद्दल बरेच गैरसमज आहेत. टीव्हीवर 'कोयनेचे दरवाजे उघडले' अशी पट्टी आली की चिपळुणात धावपळ सुरू होते. खरं म्हणजे कोयना धरणाच्या सांडव्याचं पाणी पूर्वेला कऱ्हाड-सांगलीकडे जातं. आपल्याकडे येतं ते वीजनिर्मितीचं पाणी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी सह्याद्री ओलांडून ते पोफळीला उतरतं, तिथून कोळकेवाडी धरणात साठतं, तिथल्या वीजगृहातून पुन्हा वीज काढून वाशिष्ठीत सोडलं जातं. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याची कृष्णा लवादाने ठरवलेली मर्यादा वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. उन्हाळ्यात हेच पाणी वाशिष्ठीला जिवंत ठेवतं, याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. पण पुराच्या रात्री कोळकेवाडीच्या स्वतःच्या डोंगरावरचा पाऊस त्यात मिसळतो आणि तेव्हा हिशेब बदलतो.

आता या पाण्याचे धनी पाहा. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, म्हणजे पुणे विभागात. धरणाची मालकी जलसंपदा खात्याची, वीजगृह चालवते महानिर्मिती, कधी किती वीज काढायची ते ठरवायचं राज्य भार प्रेषण केंद्राने, कारण तिथे अख्ख्या राज्याची मागणी बघावी लागते. कोळकेवाडी रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे कोकण विभागात. नदी पाटबंधाऱ्यांची, खाडी मेरिटाइम बोर्डाची, शहरातली शिव नदी आणि गटारं नगरपरिषदेच्या गळ्यात, पावसाचा अंदाज हवामान विभागाचा, आणि पाणी घरात शिरलं की पंचनामा महसूल खात्याचा. यातला प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो. रात्री मात्र सगळ्यांचा आकडा जोडून 'आता इतक्या वाजता चिंचनाक्यावर पाणी येणार' हे एक वाक्य बोलणारा कोणी नसतो.

उत्तराखंडात किंवा हिमाचलात उन्हाळ्यात बर्फ वितळून नद्या चढतात, तेव्हा वर किती बर्फ आहे ते उपग्रहातून दिसतं, यंत्रणेला अंदाज बांधायला आठवडे मिळतात. (ढगफुटीत तिथेही आठवडे मिळत नाहीत, ते सोडा.) आपल्याकडे सह्याद्रीचा कडा ते समुद्र हे अंतरच साठ-सत्तर किलोमीटरचं. तिवऱ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत चिपळूणलगतच्या खेर्डीत असतो. एवढ्या वेळात एका खात्याचं पत्र दुसऱ्या खात्याच्या आवक-जावक नोंदवहीतही चढत नाही. म्हणून ठरवायचं ते आधीच ठरलेलं हवं.

कायद्यात अडचण आहे असं मला वाटत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. कलम 31 प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा, 32 प्रमाणे प्रत्येक खात्याचा जिल्हा पातळीवरचा स्वतःचा आराखडा, आणि 33 व 34 प्रमाणे आपत्तीच्या काळात कोणत्याही खात्याला आदेश देण्याचे, रस्ता बंद करण्याचे, वाहनं आणि साधनं ताब्यात घेण्याचे अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहेत. साहेब, म्हणजे आपल्याला आहेत. हे अधिकार पातळीशी बांधून आधीच खाली द्या, एवढंच मागणं. पाच मीटरला काय, सहाला काय, सातला काय.

पाच आणि सात हे आकडे तुमचेच आहेत. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर, धोका पातळी 7 मीटर, असं रोजच्या पूर-अहवालात छापून येतं. त्याच अहवालात लांज्याच्या काजळी नदीची इशारा पातळी साडेसोळा मीटर आणि धोका पातळी 18 असते. प्रत्येक नदीची मोजपट्टी वेगळी, शून्य वेगळं. अभियंत्याला ते कळतं, पेठमापच्या आजीला कळत नाही, आणि तिने का कळून घ्यावं? तिला सांगायचं ते असं: 'आता बाजारपुलाच्या या खुणेला पाणी लागलंय, भरती पूर्ण व्हायला दीड तास आहे, तुमच्या आळीत अकराच्या सुमाराला गुडघाभर होईल, वर जा.' पुलाच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर, वडनाक्याच्या कोपऱ्यावर रंगाच्या पट्ट्या मारा. सन 2005 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा लोकांनी घराघरांत जपल्या आहेत, त्या मोजून घेतल्या तरी अर्धं काम होतं. क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातं त्याचा, आकडा तुमच्या वायरलेसवर राहू द्या.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट मंडणगडापासून राजापूरपर्यंत सगळ्या जिल्ह्याला एकदमच असतो. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, ही व्याख्याही आता पाठ झाली. पण रेड अलर्ट म्हटला की सामान्य माणसाला शाळेच्या सुट्टीपलीकडे काही कळत नाही. त्यांचा अंदाज वाईट नसतो. अंदाजापासून आळीपर्यंतचा शेवटचा टप्पा कोणाकडेच सोपवलेला नाही.

भरतीचा हिशेब तर आपल्याकडे इतका जुना आहे की त्याला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. त्रयोदशीला पावणेदहा, अमावास्येला सव्वाअकरा, थोडं मागंपुढं, आणि चिपळुणापर्यंत पाणी यायला आणखी काही वेळ. मग पावसाळ्यातल्या प्रत्येक उधाणाच्या दिवसांत वीजनिर्मितीचं पाणी कोणत्या तासांना सोडायचं आणि कोणत्या तासांना रोखायचं, याचं कॅलेंडर जूनच्या आधी का तयार होऊ शकत नाही? मुसळधार पावसाचा इशारा, उधाण आणि नदी इशारा पातळीवर, ही तिन्ही एकत्र आली की कोळकेवाडीचा विसर्ग कमीत कमी करायचा, आणि त्यासाठी भार प्रेषण केंद्राने पर्यायी वीज आधीच धरून ठेवायची. हे रत्नागिरीच्या एकट्याच्या हातात नाही, कारण आपला अधिकार जिल्ह्याच्या हद्दीवर संपतो. म्हणून कोकण आणि पुणे या दोन्ही विभागीय आयुक्तांचा संयुक्त आदेश राज्य प्राधिकरणामार्फत काढून घ्यावा लागेल. ते पत्र आपणच लिहू शकता, आम्ही नाही. धरण भरून घ्यायची घाई साताऱ्याला असते, विजेची मुंबईला, पाण्याची भीती चिपळूणला. तिघांना एका टेबलाशी बसवायचं काम शासनाशिवाय कुणाचं?

विजेबद्दल एक बारकावा. पाणी चढायला लागलं की महावितरण पुरवठा बंद करतं, आणि करायलाच हवा, नाहीतर शॉक लागून माणसं मरतील. पण पुरवठा गेला की काही तासांत मोबाइलचे टॉवर मान टाकतात. म्हणजे वीज बंद करण्याचा क्षण हा शेवटचा इशारा पोचवण्याचाही क्षण आहे. 'अमुक फीडर बंद करतोय' असा निरोप महावितरणच्या अभियंत्याने आधी नगरपरिषदेच्या भोंग्याला द्यायचा, भोंगा वाजल्यावर खटका ओढायचा, इतका सोपा क्रम कागदावर असला तरी किती फरक पडेल. भोंगे बॅटरीवर चालणारे हवेत. देवळांचे आणि मशिदींचे ध्वनिक्षेपक आहेतच. गोवळकोटला बांग आणि घोषणा दोन्ही एकाच भोंग्यातून ऐकायला कुणाची हरकत नसते. रुग्णालयं, विशेषतः तळमजल्यावर जनरेटर आणि ऑक्सिजन असलेली, यांच्यासाठी वेगळी आणि सगळ्यांत आधीची पातळी ठरवा. रुग्ण वरच्या मजल्यावर न्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ पाणी नेमकं देत नाही.

रस्ते आणि पूल. दोन ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला. पूल गेला आहे हे अंधारात कळायच्या आधीच दोन एसटी बस नदीत गेल्या. त्यातली एक आपल्या राजापुराहून निघालेली. त्या रात्रीनंतर नवा पूल विक्रमी वेगात उभा राहिला, त्याचं कौतुक झालं. पण अमुक पातळीला पूल आपोआप बंद, आणि बंद करायचा अधिकार जागेवरच्या पोलीस हवालदाराला, अशी सरसकट व्यवस्था झाल्याचं मला जाणवत नाही. हवालदाराने स्वतःहून महामार्ग अडवला आणि पुढे काही झालं नाही, तर बिचाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. तो खुलासा मागितला जाणार नाही, हे लेखी द्या. परशुराम घाट आणि कुंभार्ली घाट एकाच वेळी बंद पडले तर चिपळूण बेट होतं. मदत पथकाला आत यायला वाट राहत नाही. पावसाळ्यात एनडीआरएफचं पथक आधीच इथे आणून ठेवण्याची पद्धत आता पडली आहे, ती चांगली आहे आणि मोडू नये. त्यांच्या जोडीला खाडीतल्या होडीवाल्यांची यादी करा, डिझेलचे पैसे कोण देणार ते आधी सांगा. होडीवाला पैशासाठी थांबत नाही, पण दर वेळी त्याने पदरमोड का करावी?

गाळावर मी फार लिहीत नाही. नागरिकांनी त्यासाठी साखळी उपोषण केलं, मग वाशिष्ठी आणि शिव नदीतून गाळ निघाला, आणि तो काढल्याचा फायदाही दिसला. मात्र काढलेला गाळ ठेवायचा कुठे यावर खाती अडतात. नदीतला गाळ पाटबंधाऱ्यांचा, त्यातली वाळू महसूलची, खाडीचं तोंड मेरिटाइम बोर्डाचं, पुलाखालची जागा महामार्गाची. काठावर रचून ठेवला तर पहिल्याच पुरात तो पुन्हा नदीत. दर वर्षी हे काम पावसाळा संपताच सुरू होऊन एप्रिलअखेर संपेल असं एकच वेळापत्रक हवं, मेच्या शेवटच्या आठवड्यातली पोकलेनची धावपळ नको.

पूररेषेच्या निळ्या आणि लाल ओळींवर (निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या) गावात भांडण आहे, मला माहीत आहे. निळ्या रेषेच्या आतल्या घरांना बांधकाम परवानगीचा प्रश्न येतो, आणि बाजारपेठच त्या आत आहे. तो वाद चालू राहील. तो मिटेपर्यंत इशाऱ्याची यंत्रणा थांबवून ठेवू नये, एवढंच.

तिवरे धरणाचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. दोन जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधी केली होती. खेकड्यांनी धरण फोडलं, या तेव्हाच्या मंत्र्यांच्या विधानाचा विषय मी काढत नाही. लहान धरणं, पाझर तलाव, त्यांची खाती वेगवेगळी, तपासणी कोणाची आणि तक्रार कोणत्या खिडकीत द्यायची हे गावाला ठाऊक नसतं. तालुक्यातल्या प्रत्येक लहान धरणाच्या भिंतीवर जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालयाचा क्रमांक रंगवा. तक्रार आली की तहसीलदारांकडे त्याची प्रत आपोआप जावी. दरडींची गोष्ट वेगळ्या पत्राची आहे. पोसरे, तळिये आणि नंतरची इर्शाळवाडी विसरलो म्हणून ती इथे येत नाही असं समजू नये.

आता तालमीविषयी. दर वर्षी मॉक ड्रिल होतं, दिवसा, बोटीवर लाइफ जॅकेट घातलेल्या लोकांच्या फोटोसह. त्याने पथकाचा सराव होतो, खात्यांचा होत नाही. माझी विनंती अशी: येत्या वैशाख अमावास्येच्या उधाणाला, रात्री अकराच्या पुढे, कुणालाही वेळ न सांगता तालीम घ्या. कोळकेवाडीच्या नियंत्रण कक्षातून 'विसर्ग वाढला' असा बनावट निरोप सोडा आणि तो खेर्डी, बाजारपेठ, पेठमाप, गोवळकोट इथल्या ठरवून दिलेल्या माणसापर्यंत किती मिनिटांत पोचला ते नोंदवा. कुठे अडला तेही नोंदवा. कुणाला शिक्षा करू नका, फक्त मिनिटं छापा. खऱ्या पुरानंतरही तसंच करा: कोणता निरोप कोणी, किती वाजता दिला आणि कोणाला मिळाला, याची वेळेनिशी यादी महिन्याभरात जाहीर व्हावी. समित्यांचे अहवाल येतात, पण ते मंत्रालयाच्या वाटेने येतात. ही यादी चिपळूणच्या नोटीस बोर्डावर आली पाहिजे.

या पत्राच्या प्रती आम्ही प्रांताधिकारी, तहसीलदार आणि नगरपरिषदेकडेही देत आहोत. उत्तर लेखी मिळावं. तालमीची वेळ तेवढी कळवू नये.

आपला,
बाजारपेठेतला एक दुकानदार,
चिपळूण